नखावर कानस

मार्चपासून बाबाने तीन किल्ल्या बिघडवल्या, आणि तिन्ही वेळा दोष कानशीचा निघाला.

पहिल्या वेळी कानस म्हातारी झाली होती. दुसऱ्या वेळी नवी कानस नदीवरून येणाऱ्या दमट वाऱ्याने बिघडली होती. तिसऱ्या वेळी किल्ली कुलपातच मोडली, तेव्हा बाबाने जाहीर केलं की हल्ली कानशी करणारे लोक आधी चमचे करत असावेत. मी चिमट्याने तुकडा काढला, गिऱ्हाइकाला परवा यायला सांगितलं, आणि बाबा जेवून आडवा झाल्यावर त्याच कानशीने पाऊण तासात किल्ली करून ठेवली. कानशीत काहीएक खोट नव्हती.

खोट डोळ्यांत होती. बाबाला दिसत नव्हतं. मला ते ठाऊक होतं, शेजारच्या घड्याळवाल्या हारोल्दोकाकांना ठाऊक होतं, मोंतेविदेओतल्या आमच्या गल्लीतल्या मांजरांनासुद्धा ठाऊक असावं, कारण आजकाल ती बाबाच्या वाटेतून आधीच बाजूला होत. ठाऊक नसलेला माणूस एकच, एलादियो बेंतांकोर, वय शहात्तर, धंदा कुलूपकिल्ली, म्हणजे माझा बाबा. आणि त्याला ते सांगायचं धैर्य माझ्याकडे नव्हतं. मी सुल्मा, सेहेचाळीस वर्षांची, बंद दारं उघडायला शहरभर हिंडते, पोलिसांशी हुज्जत घालते, पण हे एक वाक्य चार महिने माझ्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

हाताने किल्ली करायचं काम असं असतं. कुलूप आहे, किल्ली हरवली आहे. मग कोरी किल्ली पकडीत धरून कुलपात घालायची, अडेल तिथवर जोराने पिळायची, जरा वरखाली हलवायची आणि बाहेर काढायची. आतल्या पिनांपैकी जी अडते ती पितळेवर खूण ठेवते, सुईच्या टोकाएवढी, चकाकणारी. तिथे कानशीचे दोनतीन हात मारायचे आणि किल्ली पुन्हा आत घालायची. पिन आपल्या उंचीवर बसली की ती खूण करायची थांबते. असं चाळीसपन्नास वेळा केलं की एकदाची किल्ली फिरते. सगळा खेळ ती खूण दिसण्याचा आहे. जाड दात्यांची कानस पितळेवर नांगरट करते, तीत खूण बुडून जाते. अतिबारीक कानस पितळेचा आरसा करते, मग सगळंच चकाकतं आणि खूण शोधत बसावं लागतं. तरुण डोळ्यांना त्या आरशातही ती सापडते, आणि बाबाने जन्मभर बारीकच कानस वापरली, कारण तिचं काम सुंदर दिसतं.

म्हणून आमच्याकडचा तो जूनजुलैचा हिवाळा कानस निवडण्यात चालला होता. दर रविवारी सकाळी थर्मास काखेत मारून आम्ही त्रिस्तान नार्बाखा रस्त्यावरच्या जुन्या बाजारात जायचो. जुनी पुस्तकं, पोपट, बिनजोडीचे बूट हे सगळं ओलांडून कोपऱ्यावरच्या पोचाच्या घोंगडीपाशी थांबायचो. पोचा मेलेल्या कारागिरांची हत्यारं विकते, आणि कुठलं कोणाचं हे तिला तोंडपाठ असतं. बाबा एकेक कानस उचलायचा, एक डोळा मिटून आभाळाकडे धरायचा, वाकडी नाही ना बघायचा. मग ती डाव्या अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा.

नखाची ही रीत आमच्या धंद्यात सगळे पाळतात. पितळेवर कोणीही घासून बघेल, पण नख खोटं बोलू देत नाही, कारण कानस बोथट असेल तर ती घसरते, फार तिखट असेल तर चावते, आणि हवी तशी असेल तर नुसती धरते. आणि ज्याने ती वापरायची, तिची परीक्षा त्याच्याच नखावर व्हायची, दुसऱ्याच्या नाही. कानस कोणी कोणाला उसनी देत नाही, कोणी कोणासाठी निवडतही नाही. मी बावीस वर्षं दुकानात आहे, पण माझ्या नखावर कधी कानस आली नव्हती. बाबाच्या उतरलेल्या कानशी माझ्याकडे यायच्या, धाकटीकडे थोरलीचे फ्रॉक येतात तशा. हाताने किल्ली करायची म्हणजे बाबाने करायची, मी मशीनवर नकला काढायच्या आणि दारं उघडायला जायचं, अशी वाटणी होती. ती कोणी केली होती कोण जाणे.

"ही कसायाची," एका कानशीला बाबा म्हणाला आणि ती परत ठेवली.

"सेरो मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या किल्लीवाल्याची आहे," पोचा म्हणाली. "माणूस नव्वदीपर्यंत काम करत होता."

"मग त्याची गिऱ्हाइकं कसाई असतील."

त्या रविवारीही आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

त्याच आठवड्यात विल्मारने मासे धरता धरता किल्ली नदीत टाकली. विल्मार म्हणजे आमच्या गल्लीच्या बोचास क्लबाचा सेक्रेटरी. लाकडी गोळे वाळूच्या पट्टीवरून सोडायचे, छोट्या गोळ्याला खेटायचे आणि एकमेकांच्या मापात खोट काढायची, यावर बाबाच्या वयाची माणसं तिथे दिवस काढतात. क्लबाचे सामन्याचे गोळे भिंतीत ठोकलेल्या सीडर लाकडाच्या कपाटात असतात. कपाट क्लबाच्या पहिल्या अध्यक्षाने स्वतःच्या हाताने केलेलं, त्याला ड्रिल लावणं म्हणजे अध्यक्षाच्या थडग्याला लावण्यासारखं. कुलूप चाळीस वर्षांपूर्वी बाबाने बसवलेलं. किल्ली एकच, विल्मारच्या कमरेला. विल्मार धक्क्यावरून वाकला, मासा सुटला, किल्ली गेली. आणि रविवारी अंतिम सामना, पलीकडच्या उनिओन मोहल्ल्याच्या क्लबाशी, ज्यांच्याशी आमचे लोक गोळा फेकण्याआधी भांडण काढतात.

विल्मार दुकानात आला तेव्हा मी तोंड उघडायच्या आत बाबाने गल्ल्यावर पंजा ठेवला होता. शनिवारी चार वाजता येतो, म्हणाला, सगळ्यांसमोर किल्ली करून देतो. मी म्हटलं, आकडा घालून नुसतं उघडून दिलं तर पाच मिनिटांचं काम आहे. बाबाने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी माप चुकवलं होतं.

"उघडतो चोर. किल्लीवाला किल्ली करतो."

झालं. आता हा माणूस शनिवारी चार वाजता, साऱ्या क्लबासमोर, चाळीस वर्षांच्या दोस्तांसमोर, न दिसणारी खूण शोधणार होता. मला भीती किल्लीची नव्हती. आमच्याच क्लबात आन्सेल्मो शिंपी होता. एका लग्नाच्या कोटाची बाही त्याने उलटी लावली आणि भर लग्नात लोक हसले. दुसऱ्या दिवशी त्याने मशीनवर चादर टाकली. त्यानंतर तो खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसला तो बसलाच. बाबाही तसाच बसेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी हारोल्दोकाकांकडे गेले. त्यांनी भिंग पुढे केलं. पण भिंग हे घड्याळवाल्याची कुबडी आहे असं बाबा तीस वर्षं त्यांच्या तोंडावर म्हणत आलाय, ते आता घेणार थोडाच.

"परवा माझ्या उभ्या घड्याळाला 'काय म्हणतोस' म्हणाला," काका म्हणाले. "घड्याळाने उत्तर दिलं नाही तर रागावून गेला. तू सांग त्याला, पोरी."

"तुम्ही सांगा ना, काका. तुम्ही मित्र."

"म्हणून तर नाही सांगत," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही भेकड आपापल्या कामाला लागलो.

मग मला वाटलं, डोळे बदलता येत नाहीत तर कानस बदलता येईल. बुधवारी दुपारी बाबा झोपला असताना मी दुकानातल्या सगळ्या कानशी काढल्या. कपाटावर होतं त्याच बनावटीचं जुनं कुलूप आमच्या खोक्यात पडलं होतं. एकेका कानशीने एकेक कोरी किल्ली घासली, कुलपात पिळली, आणि माझा चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय मला हातावरची रेषही दिसत नाही, म्हणजे बाबाचं दुःख मला फुकटात समजणार होतं. बारीक कानशीची किल्ली खिडकीशी धरली तर नुसता झगझगाट. जाड कानशीची धरली तर नांगरलेलं शेत. मधली कानस आमच्याकडे एकच होती आणि ती बोथट. तरी तिच्या पट्ट्यावर पितळ राखेच्या रंगाचं दिसत होतं, आणि त्या राखेत काहीतरी लुकलुकतंय असं वाटलं.

गुरुवारी मी बसने पोचाच्या घरी गेले आणि ती कसायाची कानस घेऊन आले.

नव्वदीपर्यंत काम करणाऱ्या त्या माणसाला काहीतरी कळत होतं. पितळ अडकू नये म्हणून दात्यांत खडू भरला, मी तिने किल्ली घासली आणि चष्मा काढला. मंद राखाडी पट्टा, आणि त्यावर साखरेच्या कणासारखी खूण. मला रडूच आलं, खरं सांगते. मग मी डोळे पुसले आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा केला. बाबाची बारीक कानस तिच्या पेरूच्या लाकडाच्या मुठीतून उपसली, फडक्यात गुंडाळून खणात टाकली, आणि कसायाची कानस त्याच मुठीत ठोकून बसवली. मूठ तीच, लांबी जवळपास तीच, बाबाला दिसत तर नाहीच. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

शनिवारी चारला क्लब भरला होता. खिडकीतून हिवाळ्याचं पिवळं ऊन पट्टीवर पडलेलं, कोपऱ्यात शेगडीवर सॉसेजेस, माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, हातोहात फिरतोय. हारोल्दोकाका मुद्दाम माझ्या शेजारी उभे राहिले. बाबाने कोट काढला, बाह्या दुमडल्या, कोरी किल्ली पकडीत आवळली, कुलपात घालून पिळली, बाहेर काढली आणि कानशीचा पहिला हात मारला.

आणि थांबला.

त्याच क्षणी मला कळलं. जो माणूस नखावर कानस ओढून कान देतो, त्याच्या शेजारी मी बावीस वर्षं बसले होते, आणि आवाज बदलेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बारीक कानस कुजबुजल्यासारखी चालते. ही खरखरली होती. बाबाने ती उचलली, डाव्या अंगठ्याच्या नखावरून एकदा ओढली. मग हळूच माझ्याकडे वळला. मी दोन पावलांवर होते.

"मूठ माझी आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"हो."

"कानस माझी नाही."

"नाही, बाबा."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझा चेहरा किती दिसला कोण जाणे, पण मी कानस का बदलली ते त्याला कळलं, आणि कळलंय हे मलाही कळलं. चार महिने जे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं, ते मी त्याच्या हातात मुठीसकट दिलं होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. विल्मारने विचारलं, काय झालं. बाबा म्हणाला, काही नाही, मातेचं पाणी गार झालंय, बदल. आणि तो पुन्हा कुलपाकडे वळला.

कसायाच्या कानशीने काम दिलं. पहिली पिन त्याची त्याने शोधली. दुसरीही. किल्ली उन्हात तिरकी धरायची, नाकाशी न्यायची, दोन हात, पुन्हा आत. त्याचा हात जराही चुकत नव्हता, तो हात कधीच चुकला नव्हता. तिसऱ्या पिनेला वेळ लागला. खिडकीतलं ऊन तोवर भिंतीवर चढलं होतं. एक खूण त्याला सापडली, दुसरी सापडली, तिसरी पिन बसली. मग मात्र त्याने किल्ली नाकाशी धरली आणि ती तिथेच राहिली. मागे कोणीतरी खोकलं. शेगडीवरचा माणूस सॉसेजेस उलटायचं विसरला. आन्सेल्मो शिंपी, जो वर्षातून दोनदा खुर्ची सोडून येतो, तोही आला होता, आणि खाली बघत होता.

बाबाने कानस टेकवली. दुसऱ्या पिनेच्या जागी टेकवली. दुसरी कधीच बसली होती, तिथे आणखी एक हात मारला तर किल्ली फुकट जाणार, आणि सगळं पहिल्यापासून, आणि ऊन तर चाललं. मी बोलले असते तर साऱ्या क्लबाला कळलं असतं. न बोलले असते तर पाच मिनिटांनी तसंही कळलं असतं. हारोल्दोकाकांनी माझं कोपर धरलं. 

बाबाने कानस उचलली.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. दुकानात 'दोन नंबरचा स्क्रू दे' म्हणतो तेवढ्याच आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सुल्मा, खूण कुठंय बघ."

मी पुढे झाले. चष्मा पुसावा लागला, त्याचं कारण सॉसेजेसचा धूर असं मी अजूनही सांगते.

"चौथीवर. बारीक आहे."

"मधोमध?"

"जरा टोकाकडे."

त्याने दोन हात मारले. बरोबर त्या जागी, केसभरही इकडेतिकडे नाही. किल्ली आत गेली, पिळली, बाहेर आली, आणि त्याने ती स्वतःकडे न नेता सरळ माझ्यापुढे धरली. पुन्हा चौथी. मग पाचवी. पाचवी तीनदा. क्लबातले लोक आधी अवघडले होते, मग हळूहळू पुढे सरकले, आणि थोड्या वेळाने माझ्या खांद्यावरून डोकावून 'पाचवी, पाचवी' करायला लागले. बाबाने विचारलं, की ज्यांना बोचासमध्ये वीतभर अंतर मोजता येत नाही त्यांना सुईचं टोक कुठून दिसतंय. तेव्हा कुठे लोक हसले, आणि ते हसणं आन्सेल्मोच्या बाहीवरचं नव्हतं. सहा वाजायच्या आत कुलूप फिरलं. विल्मारने किल्ली गळ्यात दोरीने बांधली आणि मासे धरायला जाताना ती बायकोकडे ठेवण्याची शपथ घेतली.

घरी जाताना बाबा तीन चौक माझ्यावर ओरडत होता. डोळ्यांबद्दल एक शब्द नाही. माझ्या मुठीत दुसऱ्याची कानस घातलीस, म्हणाला, माझी मूठ, तुझ्या आईने पेरूचं झाड तोडायला परवानगी दिली तेव्हाची मूठ, तुला जराही लाज वाटली नाही. मी म्हटलं, वाटली. मग दुकानाशी आल्यावर तो थांबला आणि किल्ली लावता लावता म्हणाला, कानशीला शिव्या देत होतो तोवर बरं चाललं होतं गं. मी त्याच्या हाताला धरून कुलपाचं तोंड दाखवलं. त्याने हात झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे लोक अंतिम सामना सपाटून हरले. गुरुवारी हारोल्दोकाका बाबाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मोतीबिंदू, ऑगस्टात काढू, डॉक्टर म्हणाले. एक डोळा बराच सुधारेल, दुसऱ्याचं सांगता येत नाही. परतताना दोघं भिंगावरून भांडत आले, म्हणजे सगळं ठीक होतं.

रविवारी सकाळी मी थर्मास भरत नव्हते. आता कसली कानस बघायची, मला वाटलं. पण बाबा कोट घालून दारात उभा, उशीर करतेस म्हणून कुरकुरत. आम्ही बाजारात गेलो, पुस्तकं, पोपट, बूट ओलांडले आणि पोचाच्या घोंगडीपाशी थांबलो. तिच्याकडे नव्या पाचसहा कानशी आल्या होत्या. बाबाने त्यांतली एक चाचपून उचलली, सवयीने आभाळाकडे धरली, काही दिसलं नाही तसा खाली घेतली. मग डाव्या हाताने माझा डावा हात पकडला, लोकरीचा हातमोजा ओढून काढला, अंगठा वर केला आणि कानस माझ्या नखावरून हळूच ओढली. मान तिरकी करून तो थांबला. पोचाने गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं थांबवलं.

"काय म्हणते?" बाबाने विचारलं.

माझ्या नखावर एक पांढरी रेघ उमटली होती.

"जरा जास्तच तिखट आहे," मी म्हटलं.

"मग ठेव खाली," बाबा म्हणाला. "दुसरी बघू."